दाणा कुणाला, अळी कुणाला

जानेवारीत धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही काळ्या रानात गेलात तर एकाच बांधाच्या दोन बाजूंना माणसाचे पक्ष्यांशी दोन उलटे व्यवहार चाललेले दिसतील. एका बाजूला शाळू दाण्यात आलेला असतो. तिथे माळ्यावर कुणीतरी गोफण घेऊन उभं असतं, पत्र्याचा डबा बडवला जात असतो, ताणून बांधलेल्या चकाकत्या पट्ट्या वाऱ्यावर वाजत असतात. भोरड्यांचा, साळुंक्यांचा थवा एकदा उतरला की कणसं रिकामी व्हायला वेळ लागत नाही, म्हणून उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत ही राखण चालते. दुसऱ्या बाजूला हरभरा घाट्यांनी लगडलेला असतो, आणि त्यात त्याच शेतकऱ्याने उभ्या काठीला आडवी काठी बांधून जागोजागी पक्षीथांबे रोवलेले असतात. घाटेअळी वेचायला कोतवाल यावा, साळुंकी यावी, म्हणून केलेली ही बसायची सोय. काही जण हरभरा पेरतानाच बियाण्यात थोडी ज्वारी मिसळतात. मग मधूनमधून उगवलेली ज्वारीची ताटंच थांब्याचं काम करतात.

ज्या साळुंकीला शाळवातून हाकललं, तिलाच हरभऱ्यात बोलावलं. बांध ओलांडताना साळुंकी बदलत नाही, तिच्यापुढे काय आहे ते बदलतं, आणि शेतकऱ्याचा व्यवहार त्यावर ठरतो. अंगणात, गच्चीवर, गॅलरीत पक्ष्यांना दाणापाणी ठेवणाऱ्यांनी हा व्यवहार समजून घ्यावा असं मला फार मनापासून वाटतं. कारण ‘चिमण्यांसाठी ठेवतो, पण येतात सगळे पारवेच’ ही तक्रार आता धाराशिव, तुळजापूर, उमरगा अशा गावांतल्या नव्या वसाहतींतही ऐकू येते. तक्रार करणारा पारव्याला दोष देतो. पण जो पक्षी नकोसा होतो, तो बहुतेक वेळा आपणच बोलावलेला असतो. कसा, ते सावकाश पाहू.

सुरुवात चोचीपासून करावी लागते. चिमणी, सुगरण, मुनिया यांची चोच आखूड, जाड, शंकूसारखी असते. दाणा आडवा धरून त्याचं टरफल फोडायला ती योग्य. पारवा आणि होला दाणा फोडत नाहीत, अख्खा गिळतात. पुढचं दळण पोटातला खडे भरलेला पेषणीचा भाग करतो. म्हणून मका, हरभरा, गहू असा टपोरा दाणा चिमणीला अडचणीचा आणि पारव्याला सोयीचा. बाजरी, राळा, ज्वारीच्या कण्या हे चिमणीचं आणि मुनियेचं खाणं. इतकं साधं गणित आहे, पण आपण किराणा दुकानातून जे स्वस्त मिळेल ते परातभर ओततो आणि मग पाहुणे मोजत बसतो.

आता याच्या पुढची गोष्ट. पहाटे ज्यांच्या आवाजाने जाग येते ते पक्षी आठवून पाहा. दयाळ, चिरक, वटवट्या, शिंपी, बुलबुल, जांभळा सूर्यपक्षी. खऱ्या अर्थाने गाणारे हे पक्षी, आणि यातला एकही दाण्याच्या ताटलीवर जगत नाही. दयाळ आणि चिरक जमिनीवरचे किडे टिपतात. शिंपी आणि वटवट्या पानापानाखाली अळ्या, कोळी, मावा शोधत फिरतात. बुलबुल उंबर, वड, पिंपळाची फळं, लिंबोळ्या आणि जोडीला कीटक खातो. सूर्यपक्षी जास्वंद, रुई, पळस, पांगारा यांच्या फुलांतला मध पितो आणि कोळीही खातो. फुलं आणि पक्षी यांच्या या देवघेवीवर सालिम अली यांनी 1932 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात सविस्तर लिहिलं होतं. त्याच्याही आधी, 1912 मध्ये, सी. डब्ल्यू. मेसन आणि मॅक्सवेल-लेफ्रॉय यांचा हिंदुस्थानातल्या पक्ष्यांच्या अन्नावरचा मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. बिहारमधल्या पुसा इथे मेसन यांनी पक्ष्यांची पोटं तपासून त्यात दाणा किती, कीड किती, पिकाला उपयोगी कीटक किती याची नोंद केली होती. शेतीला कोणता पक्षी मारक आणि कोणता तारक, हे अंदाजाने ठरवू नका, त्याच्या पोटात काय सापडतं ते पाहा, ही त्या कामामागची दृष्टी मला आजही पुढची वाटते.

तर ताटलीत दाणा ठेवून आपण गाणारे पक्षी बोलावत नाही, दाणा खाणारे बोलावतो. हे एकदा मान्य केलं की चिमणीचं काय, असा प्रश्न उरतो. ती तर दाणा खाते. इथेच या विषयाचं मर्म आहे.

मोठी झालेली चिमणी दाणा खाते. तिचं पिल्लू पहिले काही दिवस दाणा खात नाही. त्याला मऊ, प्रथिनांनी भरलेलं, पाणीदार अन्न लागतं: मावा, लहान अळ्या, कोळी, नाकतोड्याची पिल्लं. नर-मादी दिवसभर घरट्याकडे खेपा घालतात त्या या किड्यांसाठी. सुगरणीचंही तसंच. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला तिचे खोपे लटकतात ते पावसाळ्यात, कारण तेव्हाच पिल्लांना भरवायला नाकतोडे आणि अळ्या मुबलक असतात. दाण्यावर वाढलेल्या आई-बापांची ही लेकरं किड्यांवर वाढतात. परिसरात अळीच नसेल तर अंगणात पोतंभर बाजरी ओतूनही चिमणीचं पिल्लू घरट्याबाहेर येत नाही.

पारव्याचं याच्या अगदी उलट. पारवा आणि होला यांच्या गळ्याच्या पिशवीत पिल्लांसाठी दुधासारखा घट्ट स्राव तयार होतो, आणि तो नर व मादी दोघांनाही येतो. त्याला कपोतदुग्ध म्हणतात. प्रथिनं आणि स्निग्धांश भरपूर असलेलं हे अन्न पारवा नुसत्या दाण्यावर पोट भरून तयार करू शकतो. म्हणजे पिल्लू वाढवायला त्याला अळी लागत नाही, पावसाळा लागत नाही, झाडसुद्धा लागत नाही. दाणा, पाणी आणि दोन अंडी ठेवायला एक सपाट कठडा एवढं मिळालं की वर्षातून अनेकदा त्याची वीण होते. आपण परातभर दाणे रोज ओततो तेव्हा चिमणीला तिच्या गरजेचा अर्धाच भाग देतो आणि पारव्याला त्याचा पूर्ण संसार देतो. एकाच दाण्यावर एकाची संख्या वाढते आणि दुसऱ्याची वाढत नाही, याचं कारण या कपोतदुग्धात आहे. पारव्याची हाव, त्याची दांडगाई ही कारणं त्यापुढे किरकोळ आहेत.

हे लक्षात घेतलं की मुंबईत काय झालं ते समजतं. दयाबुद्धीने सुरू झालेले कबुतरखाने दशकानुदशकं धान्याने भरत राहिले, इमारतींनी कठडे पुरवले, आणि थवे वाढत गेले. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ श्वासावाटे सतत जाऊन काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते; हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस हे त्या आजाराचं नाव. शेवटी जुलै 2025 मध्ये राज्य सरकारने मुंबईतले 51 कबुतरखाने बंद करण्यास सांगितलं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला आणि त्यावरून रस्त्यावर वाद झाला. त्या वादात दोन्ही बाजूंनी भूतदया आणि आरोग्य समोरासमोर उभी केली. मला वाटतं, वाद मुळात प्रमाणाचा होता. एका जागी, रोज, न संपणारा दाणा टाकणं ही पक्ष्यावरची दया ठरत नाही, कारण गर्दीत रोग पक्ष्यांनाही होतात. इंग्लंडमध्ये घरोघरी दाण्याच्या ताटल्या टांगण्याची जुनी हौस आहे. तिथे 2005 नंतर ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीची साथ पसरली आणि ग्रीनफिंच हा हिरवट दाणेखाऊ पक्षी झपाट्याने घटला. हा परजीवी मूळचा पारवे-होल्यांच्या कुळात आढळणारा. एकाच ताटलीवर एकत्र आलेल्या पक्ष्यांच्या लाळेतून, न धुतलेल्या भांड्यांतून तो पसरत गेला.

नकोसा पक्षी म्हणजे कोण, याचं उत्तरही जागेप्रमाणे किती फिरतं पाहा. आपल्याकडे जिच्यासाठी 2010 पासून दर 20 मार्चला जागतिक चिमणी दिवस पाळतात, आणि तोही नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने सुरू झालेला, ती घरचिमणी अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर माणसांनी नेऊन सोडली. आज तिथले पक्षीप्रेमी तिला ताटलीवरून हटवायचे उपाय शोधतात, कारण ती तिथल्या निळ्या पक्ष्यांची घरटी बळकावते. आपली साळुंकी ऑस्ट्रेलियात कीड खाईल म्हणून नेली, आणि आता तिथे ती उपद्रवी ठरली आहे. उलट, आपल्या शाळवावर उतरणारी भोरडी उन्हाळ्यात मध्य आशियात वीण करते तेव्हा टोळ आणि नाकतोड्यांवर जगते. चीनच्या शिनजियांगमध्ये कुरणांवरचे टोळ आटोक्यात राहावेत म्हणून तिच्या घरट्यांसाठी मुद्दाम दगडांचे ढिगारे रचून देतात. एकच भोरडी, तिकडे तिला घर बांधून मिळतं, इकडे गोफणीचा दगड.

मग अंगणात काय करायचं? शेतकऱ्याला हाकलण्याच्या उपायांची मर्यादा फार पूर्वीपासून माहीत आहे. बुजगावणं एका जागी उभं राहिलं की थोड्याच दिवसांत पक्षी त्याच्याच डोक्यावर बसतात. चकाकत्या पट्ट्या, जुन्या सीड्या, फटाके यांचीही त्यांना सवय होते. गच्चीवर प्लास्टिकचं घुबड ठेवणाऱ्यांचा अनुभवही तोच आहे. पक्षी पकडून दूर नेऊन सोडणं हा तर उपायच नव्हे. बहुतेक रानपक्षी पकडणं आणि बाळगणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि पारव्याची घराकडे परतण्याची ताकद माणसाने हजारो वर्षं निरोप धाडायला वापरलेली आहे. शेतात टिकलेले उपाय वेगळे आहेत, ते पिकाच्या अंगात आहेत. केसाळ कणसाच्या बाजरीला चिमण्या कमी त्रास देतात, कारण ते राठ केस डोळ्यांत आणि चोचीत जातात. तांबड्या, तुरट दाण्याच्या ज्वारीला पक्षी सहसा शेवटी तोंड लावतात. आणि आणखी एक धडा असा की आगाप किंवा मागास पेरलेल्या एकट्या तुकड्यावर साऱ्या शिवाराची पाखरं तुटून पडतात. सोयाबीन वाढलं आणि खरिपातली ज्वारी-बाजरी आक्रसली तशी उरलेल्या तुकड्याची राखण अवघड होत गेली. सूर्यफूलही असंच मागे पडलं. गावात एकट्याने पेरलं तर पोपट फुलाची चाळण करतात. दाणा जितका एकवटलेला, तितकी गर्दी. जितका विखुरलेला, तितका उपद्रव कमी.

हेच अंगणात लावायचं. परात काढून टाका. पारव्याला उतरायला सपाट, रुंद जागा लागते. लटकत्या, हलत्या वस्तूला धरून खाणं त्याला जमत नाही. म्हणून बाजरीची किंवा ज्वारीची चार-पाच कणसं एकत्र बांधून बारीक दोरीने टांगली, की चिमण्या आणि मुनिया त्याला लोंबकळत खातात आणि पारवा खाली फेऱ्या मारत राहतो. खळं उरकल्यावर माळवदाच्या तुळईला कणसांची जुडी टांगून ठेवायची पद्धत ज्यांच्या घरी होती, त्यांनी हेच केलं होतं. भांडंच हवं असेल तर त्याभोवती दीड इंच घराची जाळी बसवा. चिमणी आत जाते, साळुंकी आणि पारवा बाहेर राहतात. लाकडी घरट्याच्या भोकालाही तोच नियम आहे: सव्वा ते दीड इंचाचं भोक ठेवलं तर घर चिमणीचं, दोन इंचांचं ठेवलं तर साळुंकीचं.

अमेरिकेतला एक उपाय तर आपल्या मातीतल्या माणसाला ऐकताच आवडेल. तिथे चिमण्या आणि स्टार्लिंग ताटलीवर नकोत म्हणून सूर्यफुलाऐवजी करडई ठेवतात. जाड, गुळगुळीत टरफलाची करडई त्यांना सहसा रुचत नाही, पण कार्डिनल नावाचा लाल, सुरेल पक्षी ती आवडीने फोडतो. मराठवाड्यातला शेतकरी ज्वारीच्या कडेने करडईचे तास पेरायचा ते गुरं आत शिरू नयेत म्हणून; काटेरी पानांची ती जिवंत वई होती. एकच पीक दोन खंडांत, दोन वेगळ्या गोष्टींसाठी, पण राखणीलाच वापरलं गेलं याचं मला फार अप्रूप वाटतं.

दाण्याचं प्रमाण हा याहून महत्त्वाचा उपाय. अर्ध्या-पाऊण तासात संपेल इतकाच दाणा, शक्यतो सकाळी एकदा. सांडलेलं झाडून काढायचं. रात्री दाणा पडून राहिला की उंदीर येतात, आणि उंदरामागोमाग आपल्या भागात कोण येतं हे सांगायला नको. मीठ-तिखटाची शेव, फरसाण, शिळा भात टाकला की कावळे आणि साळुंक्या ठाण मांडतात. पुढे विणीच्या दिवसांत तेच कावळे शेजारच्या झाडावरची बुलबुलाची अंडी-पिल्लं उचलतात. भांडं आठवड्यातून एकदा तरी घासून उन्हात वाळवावं. मेलेला किंवा फुगलेल्या पिसांनी एका जागी बसून राहिलेला पक्षी दिसला तर पंधरा दिवस दाणा बंदच ठेवावा. उपाशी मरतील ही भीती नको. रानपक्षी कधीच एका अंगणावर विसंबून राहत नाहीत.

मात्र पाणी बंद करू नये. धाराशिवच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, ओढे कधीच आटलेले असतात, अशा वेळी पाण्याचं उथळ भांडं हे दाण्याच्या ताटलीपेक्षा कितीतरी मोठं आमंत्रण असतं. कारण दाण्याकडे ढुंकूनही न पाहणारे दयाळ, चिरक, शिंपी, वटवट्या, बुलबुल हे सारे पाण्यावर येतात. मातीची पसरट थाळी, बोटाच्या दोन पेरांपेक्षा जास्त खोल नाही, मध्ये बसायला एक खरबरीत दगड. ती झुडपापासून चार-पाच हातांवर असावी, म्हणजे पक्ष्याला पळायला आडोसा मिळतो आणि मांजराला दबा धरून एका झेपेत गाठता येत नाही. पाणी रोज बदलायचं आणि कड घासायची, नाहीतर डेंग्यू पसरवणारा एडिस डास त्याच भांड्याच्या भिंतीवर अंडी घालतो.

आणि आता अळीकडे परत यावं लागतं, कारण गाणाऱ्या पक्ष्यांचं खरं ताट तिथे वाढलेलं आहे. अळी हवी तर झाड हवं, आणि झाडही इथलं हवं. बाभूळ, कडुनिंब, बोर, उंबर, हिवर यांच्या पानांवर इथल्या किड्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती आहे. येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात सकाळी पक्ष्यांची जी वर्दळ असते ती कुणी दाणे टाकल्यामुळे नाही. पानगळीच्या त्या झाडीत, पाचोळ्याखाली आणि सालींच्या भेगांत त्यांचं अन्न आहे. अंगणात रोज खराटा फिरवून, फरशी घालून, शोभेची परदेशी रोपं लावून आपण ते अन्न काढून टाकतो आणि बदल्यात ताटलीत दाणा ठेवतो. घरांचंही तसंच झालं. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर उमरगा-लोहारा पट्ट्यात दगड-मातीच्या जाड भिंती गेल्या आणि सुरक्षित, सपाट भिंतींची घरं आली. ती यायलाच हवी होती. पण भिंतीतल्या भेगा आणि तुळयांमधले कोनाडे गेले, ते चिमणीला लाकडी खोक्याच्या रूपाने परत द्यायला आपण विसरलो.

शेतातला दोष याहून मोठा आहे. सोयाबीन चिमणीला दाणा देत नाही, पण उंटअळी आणि तंबाखूवरची पानं खाणारी अळी पावसाळ्यात त्याच सोयाबीनवर असते, अगदी सुगरणीच्या पिल्लांच्या वेळेला. पाखरं ती वेचतात. अळी दिसण्याआधीच, शेजाऱ्याने मारलं म्हणून आपणही मारायचं, अशी फवारणी झाली की थांब्यावर येऊन बसलेल्या कोतवालापुढे रिकामं रान असतं. थांबे रोवून त्याच आठवड्यात औषध मारणं म्हणजे पाहुण्याला बोलावून चूल विझवणं. किडीने नुकसानीची पातळी गाठली का ते झाडं तपासून पाहायचं आणि मगच फवारायचं, हे कृषी विद्यापीठंही सांगत आली आहेत. पक्ष्यांसाठीही तेच हिताचं आहे.

म्हणून दाणा ठेवणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. दाणा ठेवा, पण मूठभर, बारीक आणि टांगून. पाणी वर्षभर ठेवा. आणि ज्यांच्याकडे रान आहे त्यांनी येत्या खरिपात बांधालगतच्या चार तासांवर औषध मारू नका; अंगण असलेल्यांनी कुंपणाचा एक कोपरा न झाडता, न फवारता सोडा. चिमणीचं पिल्लू त्या कोपऱ्यातल्या अळीवर मोठं होतं.